सासानी चांदीच्या ताटल्या कशा वाचाव्यात: सुरुवात राजाच्या शिकारीपासून

इराणच्या सासानी राजांच्या काळातली (इ.स. २२४ ते ६५१) चांदीची शिकारीची ताटली पहिल्यांदा बघणारा माणूस सिंहाकडे बघतो. साहजिकच आहे. सिंह आ वासून अंगावर येत असतो, घोडा उधळलेला असतो, आणि सोन्याचा मुलामा नेमका तिथेच चमकत असतो. पण ताटली वाचायची असेल तर सिंहाला थोडा वेळ थांबवून आधी राजाच्या डोक्याकडे बघायचं. या विषयात नव्याने शिरणाऱ्यांसाठी मी इथे त्याच क्रमाने पायऱ्या लावल्या आहेत.

एक समजूत आधीच बाजूला ठेवा. ताटलीवरची शिकार अमुक दिवशी, अमुक जंगलात झाली असं मानायला काहीही आधार नसतो. ही दरबारातून निघालेली वस्तू आहे. शेजारच्या राजांना, सरदारांना, मांडलिकांना अशा ताटल्या भेट म्हणून जात. नाण्यावर राजाचा चेहरा असतो तसा इथे राजाचा पराक्रम असतो, आणि दोन्ही ठिकाणी काय दाखवायचं हे वरूनच ठरलेलं असतं.

तयारी: काय लागेल

परदेशवारी करायची गरज नाही. मोठ्या संग्रहांनी आपल्या ताटल्यांचे मोठे, स्वच्छ फोटो संकेतस्थळांवर ठेवले आहेत. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, लंडनचं ब्रिटिश म्युझियम, वॉशिंग्टनची फ्रीर गॅलरी, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातलं नाणी-पदकांचं दालन आणि सेंट पीटर्सबर्गचं हर्मिटाज ही नावं लक्षात ठेवा. सगळ्यात मोठा साठा हर्मिटाजकडे आहे. तो तिथे कसा पोचला, ती गोष्ट पुढे येईल.

दुसरी गरज म्हणजे सासानी नाण्यांच्या फोटोंचा तक्ता. राजाप्रमाणे लावलेला असा तक्ता सहज सापडतो. तो छापून जवळ ठेवा, कारण त्याच्याशिवाय पहिली पायरीच चढता येणार नाही.

पायरी १: मुकुट ओळखा

सासानी घराण्याची पद्धत अशी की प्रत्येक राजा गादीवर आला की स्वतःचा वेगळा मुकुट घेई. नाण्यावर मुकुटही असतो आणि पहलवी या तेव्हाच्या इराणी लिपीत नावही. ताटलीवर मात्र राजाचं नाव बहुधा नसतं, नुसता मुकुट असतो. म्हणून नाण्यावरून मुकुट शिकायचा आणि मग ताटलीवर तो शोधायचा.

बहुतेक मुकुटांवर एक मोठा गोळा दिसतो. नवख्यांना तो फुगा वाटतो. तो राजाच्या केसांचा बुचडा आहे, झिरझिरीत कापडात गुंडाळलेला. त्याच्या खाली काय आहे, ते बघायचं. पहिल्या शापूरच्या मुकुटाला किल्ल्याच्या तटासारखे पायऱ्यापायऱ्यांचे कंगोरे आहेत. दुसऱ्या बहरामच्या मुकुटाला पंख. दुसऱ्या होर्मिझ्दच्या मुकुटावर चोचीत मोती धरलेला पक्षी आहे, तो एकदा पाहिला की विसरत नाही. दुसऱ्या शापूरचे पुन्हा कंगोरे. तिसऱ्या शापूरचा मुकुट वरून सपाट आहे आणि त्यावर छोट्या कमानींची ओळ. पहिल्या यझ्दगर्दपासून चंद्रकोर दिसू लागते, पाचव्या बहरामच्या मुकुटावर कंगोरे आणि कोर दोन्ही आहेत, आणि दुसऱ्या खुस्रोपर्यंत येता येता पंख, कोर आणि चांदणी असा सगळा संभार झालेला असतो.

गोंधळ कुठे होतो? कंगोऱ्यांचा मुकुट दिसला की लोक पहिला शापूर म्हणून मोकळे होतात, कारण रोमन सम्राट व्हॅलेरियनला कैद करणारा तोच, आणि नाव त्याचंच ऐकलेलं असतं. पण राजा घोड्यावरून शिकार करतोय हे चित्र चांदीवर ठरीव स्वरूपात येतं ते दुसऱ्या शापूरच्या काळात, म्हणजे ३०९ ते ३७९ या दरम्यान. त्याआधीच्या वाडग्यांवर सरदारांचे, राजघराण्यातल्या स्त्री-पुरुषांचे चेहरे गोल चौकटीत दिसतात. शिकार करणाराही कधी राजपुत्र असतो, कधी सरदार. दुसऱ्या शापूरनंतर मात्र शिकारीवर राजाचाच हक्क.

मुकुट कुठल्याच नाण्याशी जुळला नाही तर ताटली लगेच बनावट ठरवू नका. पूर्वेला, आजच्या अफगाणिस्तानाच्या बाजूला, सासानी घराण्यातलेच कुशाणशाह राज्य करत होते आणि त्यांचे मुकुट वेगळे होते. हर्मिटाजमधल्या एका ताटलीवर रानडुकराची शिकार करणाऱ्याच्या डोक्यावर मेंढ्याची शिंगं आहेत, ती या पूर्वेकडच्या घराण्याची. शिवाय ६५१ मध्ये राज्य बुडालं तरी कारागीर बुडाले नाहीत. पुढची शंभर-दीडशे वर्षं जुन्या चालीच्या ताटल्या घडत राहिल्या, फक्त मुकुटाचे तपशील हळूहळू ढिले पडत गेले.

पायरी २: जनावरं मोजा, मग पुन्हा मोजा

हर्मिटाजची दुसऱ्या शापूरची सिंहांची ताटली उघडा. राजा घोड्यावर आहे, घोडा पुढे पळतोय, राजा मात्र कमरेत वळून मागे बाण मारतोय. मागून सिंह मागच्या पायांवर उठून झेपावतोय. घोड्याच्या टापांखाली दुसरा सिंह मरून पडलाय.

खरंच दुसरा? बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की हे दोन सिंह म्हणजे एकच सिंह, आधीचा आणि नंतरचा. एका चौकटीत दोन क्षण. बाण अजून सुटायचा आहे आणि निकाल खाली लागून बसलाय. मला हा अर्थ पटतो, कारण जोडीचा हा नियम ताटलीमागून ताटलीत टिकून आहे. ब्रिटिश म्युझियमच्या ताटलीत राजा चक्क शिंगाळ्या हरणाच्या पाठीवर बसलाय, एका हाताने शिंग धरून दुसऱ्या हाताने तलवार खुपसतोय, आणि खाली तसंच एक हरीण कोसळलेलं आहे. मेट्रोपॉलिटनच्या ताटलीत राजा रानमेंढ्यांच्या मागे आहे. पळणारे मेंढे वर, मेलेले खाली.

म्हणून नियम असा करा: पळणारी किती, पडलेली किती, हे वेगवेगळं लिहून ठेवा. दोन्ही आकडे जुळले तर ताटली ठरलेल्या साच्यातली आहे.

जनावर कोणतं, यालाही अर्थ आहे, पण इथे घाईने निष्कर्ष काढू नका. रानडुक्कर आणि मेंढा ही दोन्ही जरथुष्ट्री परंपरेत विजयाच्या देवतेची, वेरेथ्रग्नाची रूपं मानलेली आहेत. घराण्याचा संस्थापक अर्दशीर याच्या कथेत राजतेज मेंढ्याच्या रूपात त्याच्या मागोमाग धावतं. मग राजा मेंढ्याला मारतोय की ते तेज स्वतःकडे ओढून घेतोय? दोन्ही बाजूंनी बोललं गेलंय. नवख्या माणसाने एवढंच टिपून ठेवावं की सिंह, डुक्कर, मेंढा, हरीण, रानगाढव, अस्वल, बिबट्या हे ठरलेलं मंडळ आहे, आणि ससा-तितर राजाच्या ताटलीत शिकार म्हणून सहसा येत नाहीत.

पायरी ३: हात, पाय, फिती

इथे भराभर जायचं. दोरी ओढणाऱ्या हाताची तर्जनी सरळ पुढे आलेली आहे का? ही सासानी धनुर्धरांची ओळखीची पकड. पाय बघा: रिकीब नसते, पाय मोकळा लोंबतो आणि बोटं खाली झुकलेली असतात. रिकीब दिसली तर काळ बहुधा सासानींच्या नंतरचा. तलवार एकाच जागी अडकवलेली आहे की दोन पट्ट्यांनी तिरकी लटकतेय? दोन पट्ट्यांची पद्धत गवताळ मैदानांतल्या घोडेस्वार टोळ्यांकडून उशिरा आली, त्यामुळे ती दिसली तर सहाव्या-सातव्या शतकाकडे सरका. मुकुटामागे फडफडणाऱ्या रुंद, चुण्यांच्या फिती आणि घोड्याच्या मागे साखळीने बांधलेले मोठे गोंडे, हे राजेपणाचे बिल्ले आहेत.

राजाचा चेहरा शांत असतो. अंगावर सिंह येतोय आणि भुवईसुद्धा हललेली नाही.

पायरी ४: ताटली पालटून बघा

फोटोंमध्ये पाठीचा फोटो असेल तर तो आवर्जून उघडा. बहुतेक लोक तो सोडून देतात, आणि खरी कारागिरी तिथेच समजते.

आपल्याला वाटतं, आकृती उठून दिसते म्हणजे मागून ठोकून वर काढली असणार. तसं असतं तर पाठीवर खळगे दिसले असते. पण या ताटल्यांची पाठ बहुधा सपाट असते. कारागीर चांदीचा पत्रा ठोकून ताटली घडवत, मग आकृतीच्या भोवतालची चांदी खरवडून खाली घेत. ज्या भागाला जास्त उठाव हवा, उदाहरणार्थ राजाचं डोकं, घोड्याची छाती, सिंहाचा जबडा, तो वेगळ्या तुकड्यात घडवायचा. ताटलीच्या पृष्ठभागावर छिन्नीने चांदीची बारीक कड उचलायची, तुकडा त्या कडेत बसवायचा आणि कड दाबून टाकायची. अंगठीत खडा बसवताना सोनार हेच करतो. काही ताटल्यांचे तुकडे काळाच्या ओघात गळून पडलेत आणि तिथे नुसती उचललेली कड उरली आहे. असा फोटो मिळाला तर जपून ठेवा, कारागिराची पद्धत इतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मुलामा पाऱ्याचा. सोनं पाऱ्यात विरघळवून लेप करायचा, तो हवा तिथे लावायचा आणि तापवायचा. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं चांदीला चिकटून राहतं. कारागिरांच्या फुफ्फुसांचं काय होत असेल त्याचा विचार करवत नाही. काही ताटल्यांवर गंधक आणि चांदीच्या काळ्या मिश्रणाची भरही आहे. मेट्रोपॉलिटनच्या मेंढ्यांच्या ताटलीत चांदी, सोनं आणि काळी भर हे तिन्ही रंग एकत्र आहेत.

पाठीवर मधोमध बारीक टिंब असतं, वर्तुळ आखताना टोक रोवलेलं. त्याभोवती पायाचं कडं. आणि नशीब असेल तर टिंबाटिंबांनी खोदलेली पहलवी अक्षरं: मालकाचं नाव आणि ताटलीचं वजन, द्राख्मांत मोजलेलं. द्राख्म म्हणजे सासानींचं चांदीचं नाणं, साधारण ४ ग्रॅमचं. म्हणजे वजन वाचता आलं तर ताटलीत किती नाण्यांची चांदी आहे हे तेव्हाच्या माणसाला एका नजरेत कळत होतं.

या धातूबद्दल एक महत्त्वाचं संशोधन आहे. प्रुडन्स हार्पर आणि पीटर मायर्स यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राजांच्या ताटल्यांच्या चांदीतली सूक्ष्म भेसळ तपासली. शैलीने एका गटात बसणाऱ्या ताटल्यांची चांदीसुद्धा एकसारखी निघाली. म्हणजे चांदीवरच राज्याचा ताबा असावा. नुसत्या चित्रावरून केलेल्या तर्काला धातूनेच दुजोरा दिला, आणि मला वाटतं या विषयातलं सगळ्यात भक्कम काम हेच आहे.

पायरी ५: सापडली कुठे?

इराणमध्ये रीतसर उत्खननात मिळालेल्या शिकारीच्या ताटल्या अगदी मोजक्या आहेत. मोठा साठा सापडला तो रशियात, उरल पर्वताच्या आसपास, पर्म आणि कामा नदीच्या परिसरात. तिसरा शापूर पायी उभा राहून बिबट्याला मारतोय ती ताटली १९०७ मध्ये पर्म भागातल्या क्लिमोवा इथे मिळाली. एवढ्या लांब चांदी गेली कशी? फरच्या व्यापारातून. उत्तरेकडून किमती कातडी दक्षिणेला यायची, बदल्यात चांदीची भांडी वर जायची. तिथल्या लोकांनी ती देवस्थानांत ठेवली, आणि काही ताटल्यांवर स्वतःची माणसं आणि जनावरं सुरीच्या टोकाने ओरखडली. राजाच्या घोड्याशेजारी काटकुळी माणसं हात पसरून उभी दिसली तर गोंधळू नका, ती नंतरची पाहुणी आहेत.

हे साठे अभ्यासासाठी फार मोलाचे ठरले, कारण त्यातले बरेच नग प्राचीन इराणी चांदीला बाजारात भाव येण्याआधी जमिनीतून निघाले. बनावट माल करणाऱ्यांचा धंदा वाढला तो विसाव्या शतकात. नव्या ताटलीची तुलना करायची तर आधी उरलच्या ताटल्यांशी करावी.

संशय कधी घ्यायचा? दोन राजांचे मुकुट एकात मिसळले असतील. फिती कुठून सुरू होतात याचा पत्ता नसेल. घोड्याचा साज दिसायला भरगच्च, पण कुठला पट्टा कशाला धरून आहे ते समजत नसेल. जुना कारागीर रोज घोडा बघत होता, त्यामुळे त्याच्या हातून साज चुकत नाही. नकलाकार फोटो बघत होता. शेवटचा निर्णय मात्र प्रयोगशाळेचा, आपला नाही.

पायरी ६: गोष्टीची ताटली वेगळी काढा

एका प्रकाराला वरचे नियम लागू होत नाहीत. राजा उंटावर, मागे छोटी स्त्री, आजूबाजूला हरणं. हा बहराम गूर, म्हणजे पाचवा बहराम, आणि त्याची वीणावादक दासी आझादे. फिरदौसीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यात ती त्याला आव्हान देते: नराची मादी कर, मादीचा नर कर, आणि एकाचा पाय कानाला खिळव. बहराम दुहेरी टोकाच्या बाणाने नराची शिंगं उडवतो, मादीच्या डोक्यात दोन बाण रोवून तिला शिंगं देतो. तिसऱ्या हरणाच्या कानाला खडा मारतो, ते कान खाजवायला पाय वर नेतं आणि बाण पाय-कान एकत्र शिवतो. आझादेला हरणांची दया येते, ती तसं बोलून दाखवते, आणि तो तिला उंटाखाली तुडवतो.

ही ताटली हर्मिटाजमध्ये आहे, मेट्रोपॉलिटनमध्येही आहे. हर्मिटाजच्या ताटलीवर डोक्यात दोन बाण घेतलेलं हरीण शोधा, ते सापडलं की गोष्ट पक्की. शाहनामा पुरा झाला १०१० च्या सुमाराला, या ताटल्या त्याच्या कित्येक शतकं आधीच्या. म्हणजे गोष्ट लोकांच्या तोंडी होतीच, फिरदौसीने ती बांधली. आणखी एक: कथेत बहराम तेव्हा राजपुत्र आहे, चांदीवर मात्र त्याच्या डोक्यावर राजमुकुट आहे. चांदीला बिनमुकुटाचा नायक चालत नाही.

पायरी ७: चांदी काय लपवते ते दगडात बघा

इराणमधल्या केर्मानशाहजवळ ताक-ए-बोस्तान इथे मोठ्या कोरीव कमानीच्या दोन्ही भिंतींवर शिकारी आहेत, बहुधा दुसऱ्या खुस्रोच्या. डावीकडे दलदलीतली डुकरांची शिकार: हत्ती डुकरांना हुसकावताहेत, राजा होडीत उभा आहे, शेजारच्या होड्यांत बायका वाद्यं वाजवताहेत, आणि मेलेली डुकरं हत्तींवर लादून नेली जाताहेत. उजवीकडे हरणांची शिकार, भोवती कुंपण, राजाच्या डोक्यावर छत्र.

म्हणजे खरी शिकार अशी होती. हाकारे, कुंपण, वादक, हमाल. ३६३ मध्ये रोमन सम्राट ज्युलियनच्या सैन्याबरोबर गेलेला अम्मियानस मार्सेलिनस याने अशी भिंतबंद शिकारबाग पाहिली होती. आत सिंह, रानडुकरं, अस्वलं कोंडलेली. रोमनांनी दारं फोडून ती जनावरं मारली. त्यानेच एका महालातली शिकारीची चित्रं पाहून टोमणा मारलाय की या देशात कत्तल आणि लढाई सोडून दुसरं काही रंगवतच नाहीत. चांदीच्या ताटलीने यातलं कुंपण काढलं, हाकारे काढले, हत्ती काढले. उरले राजा आणि जनावर. पुढच्या वेळी ताटली बघाल तेव्हा चित्रात काय आहे याबरोबर काय गाळलंय याचीही यादी करा.

आपल्याकडचा धागा

मुंबईच्या पारशी दिनदर्शिकेत वर्षं मोजतात ती शेवटचा राजा तिसरा यझ्दगर्द गादीवर आला त्या ६३२ सालापासून. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात छतावर इराणी वेशातला माणूस हातात पेला धरून बसलेला आहे. लेणं बघायला जाल तेव्हा मान वर करायला विसरू नका, बरेच जण पद्मपाणी बघून बाहेर पडतात.

पण हाताला लागणारा धागा हवा असेल तर गधैया नाणी बघा. पेरोझ राजा हूणांशी लढताना पकडला गेला, सुटकेसाठी त्याला मोठी खंडणी चांदीच्या नाण्यांत मोजावी लागली, आणि ४८४ मध्ये त्यांच्याशीच लढताना तो मारला गेला. ती नाणी हूणांबरोबर भारतात आली, त्यांच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि गुजरात, राजस्थान, माळवा, महाराष्ट्र या भागांत ती कित्येक शतकं चालली. शेवटी राजाचा चेहरा चार रेघा आणि टिंबांवर आला, मागचं अग्निकुंड आडव्या दांड्यांचं झालं. मेट्रोपॉलिटनच्या मेंढ्यांच्या ताटलीवरचा राजा पेरोझ किंवा त्याचा मुलगा कवाद असावा असं मानतात. तो फोटो आणि गधैया नाणं शेजारी ठेवून मुकुटाचा कुठला भाग रेघांमध्ये उरलाय ते शोधण्याचा सराव करा.

नाणेप्रदर्शनांत गधैया सहज दिसतात, आणि नाणं घ्यायचा मोह होतो. घ्या, पण पावतीसह घ्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं आपल्याकडे पुरावस्तू ठरतं आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. लंडन-न्यू जर्सीच्या भाच्याला वाढदिवसाची भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर त्याला फोटोच पाठवा.